ध आणि घ यांच्यामधली फट

पाचशे लग्नपत्रिका छापून झाल्या, गठ्ठे बांधून मुलीकडच्यांच्या घरी पोचल्या, आणि दोन दिवसांनी सकाळी नवरदेवाचे काका माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. हातात एकच पत्रिका. आवाज चढलेला नव्हता. "ताई, आमनं गावच बदली टाकं का तुम्ही?" एवढंच म्हणाले. नवरदेव धरणगावचा. पत्रिकेवर छापून आलं होतं 'घरणगाव'.

पत्रिका मी परत छापून दिल्या, माझ्या पैशाने. त्याचं मला दुःख नाही. दुःख याचं, की ती ओळ मी तीनदा वाचली होती. मुलीच्या वडिलांनीही माझ्या खुर्चीमागे उभं राहून वाचली होती. आम्हा दोघांनाही तिथे ध दिसला होता.

त्या संध्याकाळी दुकान बंद करून मी बाईंचं भिंग आणलं. सासूबाईंना आम्ही बाई म्हणतो. पेपर वाचताना त्यांना भिंग लागतं. ते पडद्याला टेकवलं. ध आणि घ यांच्यात फरक तो केवढा? ध च्या डोक्यावर डाव्या अंगाला शिरोरेघ तुटते आणि तिथे एक छोटी गाठ वळते. घ ची रेघ सलग. पत्ता नऊ पॉइंटात होता. पूर्ण पान दिसेल असं ठेवलं की त्या अक्षराच्या उंचीला माझ्या पडद्यावर पाच-सहा ठिपके मिळत होते. त्यात शिरोरेघेतली फट म्हणजे जेमतेम एक ठिपका, तोही धड काळा नाही की पांढरा नाही. अक्षरांच्या कडा मऊ दिसाव्यात म्हणून संगणक जी राखाडी छटा भरतो, तिने ती फट बुजवून टाकली होती. मी मुद्दाम एक ध आणि शेजारी एक घ टाइप केला. भिंगाखालीही दोघं जुळे.

दोष पडद्यावर ढकलून मला मोकळं व्हायचं नाही. छपाईआधी कागदावर प्रूफ काढायला हवं होतं. आता न चुकता काढते. पण दिवसाचे दहा तास ज्या काचेकडे मी बघत बसते, तिच्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे अकरा वर्षांत कधी तपासलं नव्हतं, ते त्या रात्री तपासलं.

माझं अमळनेरला डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर मांडून छपाईसाठी तयार करायचं काम आहे. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. पत्रिका, भागवत सप्ताहाची पत्रकं, पावतीपुस्तकं, शाळांची प्रगतिपुस्तकं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वं साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं, तेव्हा तर महिनाभर रात्रीचे बारा-बारा वाजायचे. हे सगळं केलं ते साडेअठरा इंची मॉनिटरवर, १३६६ × ७६८ ठिपक्यांच्या. एका इंचात साधारण ८५ ठिपके.

इंग्रजी अक्षर एवढ्या ठिपक्यांत भागवून घेतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. मधल्या अक्षराच्या वाट्याला उरतं ते थोडकं. विंडोजबरोबर जो 'मंगल' फॉन्ट आला, तो र. कृ. जोशी यांनी घडवलेला. ई-मेलने येणारा मजकूर बहुतेक त्यातच उघडतो, आणि 'र्की'सारखं अक्षर लहान आकारात दिसलं की वेलांटीला चिकटलेला रफार मी अंदाजाने वाचते. अंदाजाने वाचणाऱ्या माणसाने पत्रिका करू नयेत.

घरात नवा मॉनिटर हवा असलेला आणखी एक जण होता. माझा मुलगा, आम्ही त्याला भैया म्हणतो, अकरावीत आहे. संगणक एकच, दिवसा माझा, रात्री नऊनंतर त्याचा. तो व्हॅलोरंट हा गोळीबाराचा खेळ खेळतो. आणि मीही खेळते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग १९९९ साली आला. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून मी तो खेळले आणि अजून खेळते. गावं वसवायची, शेतं लावायची, तटबंदी घालायची. दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या वेलांट्या सांभाळल्यावर तो एक तास माझा असतो.

हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढतो, हा शब्द मला त्या सायबर कॅफेतच कळला, आणि तो डोकेदुखीमुळे. तिथल्या पंधरा इंची जाड्या पडद्यांसमोर तासभर बसलं की कपाळ ठणकायचं. तिथल्या मुलाने एकदा सेटिंगमध्ये जाऊन ६० चे ८५ केले आणि पडद्याची थरथर एकदम थांबली, विहिरीतलं पाणी निवल्यासारखी. जुन्या पिक्चर ट्यूबचा पडदा दर वेळी उजळून विझायचा, म्हणून ६० हर्ट्झला तो डोळ्यांना टोचायचा. आताचे सपाट पडदे तसे विझत नाहीत, पुढचं चित्र येईपर्यंत आधीचं धरून ठेवतात. त्यांत थरथर असलीच तर मागच्या दिव्याची असते: काही स्वस्त मॉनिटर प्रकाश कमी करायला दिवाच भराभर चालू-बंद करतात. ब्राइटनेस अर्ध्यावर आणून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पडद्याकडे पाहिलं की पुष्कळदा पट्टे सरकताना दिसतात. ही तपासणी मी दुकानात करायची ठरवून गेले.

त्याआधी घरात आठवडाभर वाद झाला. भैयाला हवा होता २४ इंची, १०८०पी म्हणजे १९२० × १०८० ठिपक्यांचा, २४० हर्ट्झचा. "मम्मी, सगळे प्रो तोच वापरतात." मी एका वाया गेलेल्या पत्रिकेच्या मागे हिशेब मांडला. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं. १४४ ला ६.९. २४० ला ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलं की जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात, आणि १४४ वरून २४० वर गेलं की तीनसुद्धा नाहीत. शिवाय तेवढी चित्रं दर सेकंदाला काढून द्यायला ग्राफिक्स कार्डही हवं. आमचं १६६० सुपर. तो खूप वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग २७ इंची घेऊ, मोठा तरी होईल."

इथे मात्र मी सावध होते. २७ इंचांवर तेच १९२० × १०८० ठिपके पसरले, की इंचाला ८२ पडतात. माझ्या जुन्या मॉनिटरपेक्षाही कमी! पडदा मोठा, अक्षर मोठं, पण ध ची फट बुजलेलीच. मॉनिटर इंचांत विकतात आणि आपण इंचांत मागतो. खरं तर आधी विचारायचं ते इंचाला ठिपके किती. २४ इंची १०८०पीला ९२. २७ इंची १४४०पीला, म्हणजे २५६० × १४४० ला, १०९. २७ इंची फोर-केला, म्हणजे ३८४० × २१६० ला, १६३.

मी पडद्यापासून हातभर, साठेक सेंटिमीटर लांब बसते. चांगल्या नजरेला तेवढ्या अंतरावर साधारण ०.१७ मिलिमीटरचा तपशील वेगळा दिसू शकतो. जुन्या मॉनिटरचा ठिपका ०.३० मिलिमीटरचा होता, १४४०पीचा ०.२३, फोर-केचा ०.१६. म्हणजे निव्वळ अक्षरांसाठी फोर-केच सगळ्यांत उत्तम. ठिपका डोळ्याला दिसेनासाच होतो. मला त्याचा मोह झाला होता. पण त्यावर सगळं दीडपट मोठं करून बघावं लागतं, आणि पत्रिका मांडायचं माझं जुनं सॉफ्टवेअर, कोरलड्रॉ, तसं मोठं केलं की आयकॉन धुरकट होतात. आणि भैयाच्या कार्डाला तेव्हा १०८०पीच्या चौपट ठिपके रंगवावे लागले असते. १४४०पीला पावणेदोनपटीहून थोडेच जास्त. तेवढं ते ओढतं.

तर २७ इंची, १४४०पी, १४४ हर्ट्झच्या वर. हे ठरवून आम्ही दोघं रविवारी सकाळच्या गाडीने जळगावला निघालो. सुरत-भुसावळ मार्गावर अमळनेर सोडलं की जळगावच्या आधी धरणगाव लागतं. गाडी थांबली आणि खिडकीसमोर नेमकी पाटी आली: पिवळ्यावर काळ्या अक्षरांत, धरणगाव. ध ची फट चांगली बोटभर रुंद. भैयाने माझ्याकडे पाहिलं, बोलला काही नाही, हातातली शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

गोलाणी मार्केटमध्ये दुकानांना तोटा नाही. आम्ही गेलो त्या दुकानातले भाऊ तिशीच्या आतले, शांत, घाई न करणारे. भिंतीवर आठ-दहा मॉनिटर ओळीने, सगळ्यांवर एकच व्हिडिओ: समुद्र, पोपट, कापलेली फळं. असा व्हिडिओ कुठल्याही पडद्यावर छानच दिसतो. मी पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. त्यात तीच पत्रिका होती, चुकीची आणि दुरुस्त केलेली, दोन्ही. "भाऊ, हे पान उघडता का प्रत्येकावर?"

त्यांनी उघडलं, कुरकुर न करता. नंतर म्हणाले, "ताई, मॉनिटर बघायला मजकूर घेऊन येणारं गिऱ्हाईक मी पहिलंच बघतोय."

पहिल्यांदा त्यांनी दाखवला तो वक्र पडद्याचा. पोरं हाच नेतात म्हणाले. खोक्यावर १५००आर लिहिलेलं, म्हणजे दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. गाडी चालवायच्या खेळात तो छान वाटेल, मला शंका नाही. पण माझ्या पत्रिकेची दुहेरी चौकट त्यावर कमानीसारखी वाकली. चौकटीची रेघ सरळ आहे की नाही हे ज्याला दिवसातून पन्नासदा बघावं लागतं, त्याच्यासाठी तो नाही. शिवाय ते पॅनल, म्हणजे चित्र उमटवणारी आतली काच, व्हीए जातीचं होतं. त्यातला काळा खरोखर काळा, काळ्या-पांढऱ्याच्या उजेडात एकास तीन हजारांच्या घरातला फरक. आयपीएस या दुसऱ्या जातीत तो एकास हजाराच्या आसपास. पण काळ्या पानावर करडी अक्षरं ठेवून भैयाने पान भराभर सरकवलं, तेव्हा अक्षरांमागे काजळ फरफटल्यासारखं झालं. काळ्यातून बाहेर यायला या पॅनलला वेळ लागतो. भैयाने स्वतःच मान हलवली.

आयपीएस मी घेतला तो एका साध्या कारणासाठी: माझं गिऱ्हाईक खुर्चीवर बसत नाही. ते माझ्या मागे उभं असतं, कधी बाजूला, कधी दारातून वाकून. जुना पडदा टीएन या तिसऱ्या, स्वस्त जातीच्या पॅनलचा, वरून पाहिला की रंग फिके पडायचे आणि बारीक अक्षर तर विरूनच जायचं. मुलीचे वडील उभे होते तिथून त्यांना काय दिसलं असेल, ते मला गोलाणीत उभं राहिल्यावर कळलं. मी दुकानात तीन बाजूंनी फिरून पाहिलं. आयपीएसवर तिन्हीकडून तीच पत्रिका.

ओएलईडीही होता एक, मागे दिवा नसलेला, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणारा, कोपऱ्यात, किंमत तिप्पट. रात्रीच्या खेळाला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण माझ्या पडद्यावर तीच टूलपट्टी दहा दहा तास एका जागी असते; तिची सावली कायमची उमटायची भीती. अक्षरांच्या कडेलाही रंगाची बारीक किनार दिसते, कारण त्यातल्या लाल-हिरव्या-निळ्याची मांडणी नेहमीसारखी नसते. पाच मिनिटांत तिथून निघालो.

रंगाची गोष्ट मला अनपेक्षित होती. मी निवडलेल्या मॉनिटरवर 'वाइड कलर' ही मोठी बढाई. पत्रिका उघडली तर कुंकवाचा लाल निखाऱ्यासारखा पेटलेला आणि हळदीचा पिवळा जवळजवळ चमकणारा. बघायला सुंदर. पण तो लाल ऑफसेट मशीनमधून कधीच निघणार नाही. गिऱ्हाईक पडद्यावर तो पसंत करणार आणि कागदावर विटकरी निघाला की माझ्याशी भांडणार. भाऊंनी मेन्यूत जाऊन 'एसआरजीबी', म्हणजे रंग नेहमीच्या पल्ल्यात ठेवणारा मोड लावला. लाल खाली आला, ओळखीचा झाला. हा मोड नसता तर मी तो मॉनिटर परत ठेवला असता. खोक्यावर हे कुठेही ठळक लिहिलेलं नसतं. मेन्यू उघडूनच बघावं लागतं. 'एचडीआर ४००', म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवायचा दावा, मात्र ठळक होतं, आणि त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही. तेवढ्या प्रकाशात आणि मागच्या दिव्याचे वेगवेगळे भाग उजळत-मंदावत नसताना त्याने फारसं काही साधत नाही.

बिल १९ हजारांच्या आत बसलं, १८ टक्के जीएसटी धरून.  निघण्याआधी भाऊंनी आमचंच खोकं फोडून पडदा एकेका रंगाने भरून दाखवला: लाल, हिरवा, निळा, पांढरा. मेलेला ठिपका एकही नव्हता. मग मागच्या गोदामात दिवा मालवून काळा. डाव्या खालच्या कोपऱ्यात थोडा उजेड पाझरत होता, मान सरकवली की कमी-जास्त होणारा. आयपीएसमध्ये एवढं असतंच.

घरी आणून जोडला आणि भैयाचा चेहरा उतरला. खेळ तसाच, जुन्यासारखा. दोन दिवस तो काही बोलला नाही. इतके पैसे घातल्यावर मम्मीला कसं सांगायचं, असं त्याला वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं. मग कळलं, आम्ही जुनी एचडीएमआय वायर जुन्या सवयीने जुन्याच जागी, मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये खोचली होती. कार्ड रिकामंच बसलेलं. खोक्यातली डिस्प्लेपोर्टची वायर काढून कार्डाला जोडली. तरी ६०. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आत, ॲडव्हान्स्डमध्ये, रिफ्रेश रेट हाताने निवडावा लागला. १८०. आमच्या मॉनिटरला एचडीएमआयमधून १४४ पर्यंतच मिळतात, पुढचे डिस्प्लेपोर्टमधूनच. भैयाने माउस नुसता गोल फिरवला आणि हसला. किती तरी घरांत चांगले मॉनिटर वर्षानुवर्षं ६० वर चालत असतील, कोणी सांगितलंच नाही म्हणून. तुमच्याकडे असेल तर आजच बघा.

मला वाटलं होतं, ठिपके माझ्यासाठी आणि हर्ट्झ त्याच्यासाठी. तसं झालं नाही. दुसऱ्याच आठवड्यात एका संस्थेची ९६ पानी स्मरणिका आली. प्रूफ बघताना मी पान खाली सरकवत जाते, थांबते, वाचते, पुन्हा सरकवते. सरकताना अक्षरं नेहमी पुसट व्हायची आणि पान थांबलं की डोळ्यांना पुन्हा ओळ शोधावी लागायची. या मॉनिटरवर अक्षरं सरकतानाही वाचता येत होती. कारण सोपं आहे. सेकंदाला ९६० ठिपके अशा वेगाने ओळ सरकली, तर ६० हर्ट्झला डोळ्यावर सोळा ठिपक्यांचा फराटा उमटतो, १८० ला पाचेक ठिपक्यांचा. सोळा ठिपक्यांत अख्खं अक्षर बुडतं. पाचांत काना-मात्रा ओळखू येतात. स्मरणिका दोन दिवस आधी संपली आणि संध्याकाळी डोळे चुरचुरले नाहीत. बाई पलीकडे पलंगावर बसून सगळं बघत असतात. त्या विचारायच्या, "डोयासले तरास व्हस ना तुले?" आता विचारत नाहीत.

आणि ठिपके एकट्या माझे राहिले नाहीत. व्हॅलोरंटमध्ये लांबच्या दारात उभा असलेला माणूस पूर्वी चार ठिपक्यांचा डाग होता, आता त्याचं डोकं-खांदा वेगळे दिसतात असं भैया म्हणतो. माझ्या खेळात तर एकाच नजरेत गाव, शेतं, नदी आणि पलीकडून येणारी शत्रूची फौज मावते. १९९९ सालचा तो खेळ नव्या रूपात या पडद्यावर उघडला, तेव्हा शेतातल्या पिकांच्या ओळी मोजता आल्या. मी थोडा वेळ लढाई न करता तशीच बघत बसले.

उन्हाळ्याने मात्र परीक्षा पाहिली. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि मॉनिटरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं ४० अंशांपर्यंत. पुढच्या खोलीवर पत्रा आहे. दुपारी एक ते चार मी मॉनिटर बंद ठेवून हाताने प्रूफं वाचते. कूलरचा झोत पडद्यावर येणार नाही असं टेबल फिरवून घेतलं; ओली हवा आणि तिच्याबरोबरची धूळ मागच्या जाळीतून आत जाते. वीज गेली तर हा पडदा यूपीएसवर चालतो, तीसेक वॅटच घेतो. उन्हाळ्यात ब्राइटनेस वाढवायचा मोह होतो. त्याऐवजी मी खिडकीला गोणपाटाचा पडदा लावला.

जुना मॉनिटर उभा करून शेजारी ठेवायचा विचार होता, लांब मजकुरासाठी. टीएन पॅनल आडवं-उभं फिरवलं, की एका डोळ्याला एक रंग आणि दुसऱ्याला दुसरा दिसतो. पंधरा मिनिटांत डोकं धरलं. गल्लीतली एक मुलगी मराठी टायपिंगची परीक्षा देतेय, तिला देऊन टाकला. तिला सांगितलंय, अक्षरं मोठी ठेवून टाइप कर.

मॉनिटरच्या मेन्यूत दोन सेटिंग साठवून ठेवली आहेत. एक माझं: एसआरजीबी, ब्राइटनेस ३०. दुसरं भैयाचं: ब्राइटनेस ७०, ठिपक्यांना रंग लवकर बदलायला लावणारं ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर, सगळ्यांत वरच्या पायरीवर पळणाऱ्या माणसामागे पांढरट सावली येते, हे त्यानेच शोधून काढलं. रात्री तो उशिरा झोपतो आणि त्याचं सेटिंग तसंच राहतं. सकाळी साडेनऊला मी शटर वर करते, उदबत्ती लावते, संगणक चालू करते. पडद्याच्या मागे उजव्या हाताला एक छोटी काडी आहे, ती बोटाने चाचपडून खाली ढकलते. पडदा शांत होतो. आज पारोळ्याची पत्रिका आहे, मुलाकडची माणसं अकरा वाजता येतील.